बंदूक जिकडे, डाग तिकडे

रत्नागिरी जिल्ह्यात आजवर जन्मलेल्या माणसांत माझ्या बायकोचे काका सगळ्यांत भित्रे आहेत, आणि हे खोडून काढणारा कोणी निघालाच तर तो त्यांच्याच घराण्यातला असेल. ते म्हशीला भितात, वळवाच्या विजेला भितात, आणि माशाच्या काट्याला इतके भितात की काकू त्यांना सुरमईशिवाय दुसरे काही वाढत नाहीत. उमेदीची सगळी वर्षे ते बोटीवर इलेक्ट्रिशियन होते, पण समुद्राचे भय त्यांना कधी वाटले नाही. "समुद्र दिसतो तरी," ते म्हणतात, "करंट दिसत नाही." असा माणूस निवृत्त झाल्यावर अंगणात वाल पेरत बसेल, असे कोणालाही वाटले असते. काकांनी मात्र घरामागच्या आंबे भरायच्या खोलीत जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करायला घेतले. म्हणजे पूर्वी पार्लरमध्ये नाणे टाकून खेळायचे, ते पुरुषभर उंचीचे खोके. त्यांच्या पोटात काचेची जाडजूड पिक्चर ट्यूब असते, आणि खोके बंद केले तरी माणसाला उडवून लावील एवढी वीज तिच्यात दबा धरून बसलेली असते.

या खोक्यांना ते पेट्या म्हणतात. आमच्याकडे पेटी म्हणजे आंब्याची, त्यामुळे हंगामात घोटाळे होतात. एकदा चिपळूणहून एका बाईंचा फोन आला, चांगली पेटी मिळेल का म्हणून. "मिळेल," काका म्हणाले, "पण घरी नेऊन स्वतः उघडू नका. माणूस जातो." बाईंनी त्या वर्षी आंबे दुसरीकडून घेतले.

पेटीला हात लावायचा तर आधी रबरी चपला, मग कोरडा पाट, मग प्लग काढून डोळ्यांसमोर टेबलावर. त्यानंतर अर्थिंगची तार बांधलेला स्क्रू ड्रायव्हर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचा. आत 'टक्' असा आवाज होतो. काका थोडे थांबतात आणि पुन्हा तेच करतात, कारण गेलेली वीज परत जमते असा त्यांचा अनुभव आहे. हे सगळे एका हाताने. दुसरा हात पाठीमागे, कारण दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. ही खोड इतकी मुरली आहे की आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो तेव्हा त्यांनी देवालाही एका हाताने नमस्कार केला. रांगेतल्या मागच्या आजी म्हणाल्या, "देवाशी तरी नीट वागा हो." काकूंनी त्यांचा दुसरा हात ओढून पुढे आणला. बोटीवर असताना बंद टीव्हीने एका सोबत्याला भिंतीवर फेकलेले काकांनी पाहिले होते. त्याचे पुढे काय झाले, असे मी विचारले तेव्हा त्यांनी टेबलावरचा प्लग पुन्हा एकदा बघून घेतला. त्या दिवसापासून मीही त्या खोलीत हात मागे बांधून उभा राहतो.

पेट्यांच्या दुखण्यांत रंगाचे दुखणे मोठे. पडद्याच्या कोपऱ्यात आकाश जांभळे पडते, माणसांचे चेहरे हिरवे होतात. बहुधा कोणीतरी शेजारी मोठा स्पीकर ठेवलेला असतो आणि त्यातल्या चुंबकाने ट्यूब बिघडते. काका म्हणतात, "बाधली." मग तारेचे मोठे कडे पडद्यासमोर गोल गोल फिरवत ते मागे मागे येतात, थेट दृष्ट काढल्यासारखे, आणि डाग विरतो. दुसरे दुखणे बंदुकीचे. पडद्यावरच्या चोरावर नेम धरून चाप ओढला की पडदा क्षणभर लखलखतो, आणि तो उजेड बंदुकीच्या नळीतल्या भिंगाला दिसला तर चोर पडतो. आमच्या दमट हवेत त्या भिंगावर बुरशी धरते. मग बंदूक आंधळी होते आणि चोर मोकाट सुटतात.

गेल्या पावसाळ्यानंतर आंजर्ल्याच्या एका हॉटेलवाल्याची अशीच बंदुकीची पेटी आली. काकांनी रंग सुधारले, भिंग पुसले, आणि एका दुपारी मला फोन केला. "जावईबापू, जरा येऊन जा." आवाज नेहमीचा नव्हता.

मी गेलो तेव्हा ते पेटीपासून लांब, दाराशी उभे होते. "पडदा बघा. स्वच्छ आहे?"

"स्वच्छ आहे."

त्यांनी बंदूक उचलली, डावा डोळा मिटला आणि नेम धरला. "आला. मधोमध, राखाडी. दिसला?"

मला काही दिसले नाही. त्यांनी बंदूक खाली घेतली. "गेला," ते म्हणाले. "बंदूक जिकडे, डाग तिकडे. मी कोपऱ्यात नेम धरला की तोही कोपऱ्यात."

बंदुकीत चाप ओढल्यावर हाताला धक्का देणारी एक कॉइल होती, तिच्या चुंबकाचा हा प्रताप असेल म्हणून त्यांनी ती काढून टाकली होती. तरी डाग आला. मग बंदुकीची वायरच सोडवली. तरी आला. "काल केरसुणीने नेम धरला," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तरी आला हो."

त्यांच्या कपाळावर घाम होता. मला हसू यायला हवे होते, पण आले नाही, कारण काय झाले असावे ते माझ्या ध्यानात येऊ लागले होते.

"काका, उजवा डोळा मिटा. डाव्याने नेम धरा."

"मी उजव्यानेच धरतो."

"एकदा धरून बघा."

त्यांनी धरला. डाग आला नाही. मग बंदूक टेबलावर ठेवली आणि प्लग काढला. "हिला काही सांगू नका."

काकू चहा घेऊन दारातच आल्या होत्या. "काय सांगायचं नाही?"

काकाच म्हणाले, "अगो, पेटी बरी आहे. माझा डोळा बाधला."

त्यानंतर ते कितीतरी दिवस डॉक्टरांकडे जायला तयार नव्हते. डाग आपोआप विरेल म्हणत, आणि रोज सकाळी केरसुणी उचलून बघत. एके दिवशी उंबरठ्याची सरळ रेघ त्यांना वाकडी दिसली, तेव्हा आपण होऊन म्हणाले, "चला." कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितले की डोळ्याच्या पडद्यामागे रक्त झिरपते आहे आणि डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागेल. काकांनी आधी विचारले, खुर्चीला अर्थिंग आहे का. डॉक्टर भले. त्यांनी प्लग काढून दाखवला. काका आत गेले, आणि दार बंद झाल्यावर काकूंनी माझे मनगट जे धरले ते दार उघडेपर्यंत सोडले नाही.

झिरपणे थांबले. गेलेली नजर मात्र परत आली नाही. त्या डोळ्याला मधला डाग राहिला, आणि रंगही मळके दिसू लागले. डाव्याला आकाश एक, उजव्याला दुसरे. यातले खरे कुठले, हे आता काकांना एकट्याने ठरवायला भीती वाटते. म्हणून रविवारी मी जातो.

"आकाश कसं आहे?" पेटीच्या मागून ते विचारतात.

"निळं."

"कुठलं निळं?"

सुरुवातीला मी गोंधळून जायचो. आता सांगतो, "ओहोटीला दुपारची खाडी असते तसं." ते एका हाताने, प्लॅस्टिकच्या दांडीने आतला रंगाचा स्क्रू किंचित फिरवतात. "आता?"

"आता भरतीचं."

"मग राहू दे."

मग ते पुढे येतात, डावा डोळा तळहाताने झाकतात आणि नुसत्या उजव्याने पडद्याकडे बघत उभे राहतात. दुसरा हात पाठीमागेच असतो.