खिडकीशी धरलेली फिल्म

इकोसाठी छातीवर गार जेल लावलं की मला वर्ध्याची ती एक्स-रेची गार पाटी आठवते.

सत्तावन्न साली मी अकरा वर्षांची होते. चालताना धाप लागायची, म्हणून आईनं मला सिंदीहून आगगाडीनं नेलं. डॉक्टरांनी ओली फिल्म खिडकीशी धरली. बरगड्यांमागं माझं हृदय फुगलेलं दिसत होतं.

“झडप खराब आहे. पोरीची शाळा बंद करा,” ते म्हणाले.

“काऊन?” आईनं पदर खोचला. “घरी बसून काळीज सुधरते काय? औषध द्या. शाळेत मी नेईन तिले, पाठीवर.”

आणि तिनं नेलं. लोक हसायचे, मी लाजेनं तोंड लपवायची. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

पुढं त्याच शाळेत मी शिकवलं, आणि दम लागणाऱ्या एकाही पोरीला घरी बसू दिलं नाही.