दहा मुलांची बाटली

खाणीमागच्या वस्तीत आमच्या नर्सबाईंना तोंडावर बाई म्हणायचे आणि पाठीमागे दहाबाई. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत," त्या म्हणत, "सासूबाईंनी मला जी नावं ठेवली, त्यापेक्षा हे कितीतरी सभ्य आहे."

मी फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर. अकरा वर्षं ती पांढरी गाडी हाकली आणि अकराही वर्षं शेजारच्या सीटवर बाई, त्यांच्या मांडीवर लशींची निळी पेटी. पेटीचा पट्टा बाईंच्या यजमानांनी शिवून दिलेला. ते शिंपी. त्यांचं घर दीड खोलीचं. एक खोली शिलाई मशीनची आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत संसार, असं बाईच सांगायच्या. सकाळी मी हॉर्न वाजवला की यजमान तोंडात टाचण्या धरून खिडकीतून मान हलवत. टाचण्यांमुळे त्यांना बोलता येत नसे, आणि बाईंच्या मते त्यांचा संसार टिकला तो त्यामुळेच.

दहाबाई हे नाव कसं पडलं ते सांगतो. गोवराची लस बाटलीत कोरड्या पुडीसारखी येते. तिच्यात पाणी मिसळलं की दहा मुलांचे डोस होतात, पण मग ते चार तासांत संपवायचे, नाहीतर फेकायचे. न फोडलेली बाटली मात्र बर्फात ठेवून परत नेता येते. सुरुवातीला बाई तीन मुलं आली तरी बाटली फोडायच्या. सात डोस वाया जायचे. वरून लेखी खुलासा मागवला. बाईंनी सुवाच्य अक्षरात तो दिला. त्याचा परिणाम एवढाच झाला, की आरोग्य केंद्राचे साहेब आम्हाला दिवसाला एकच बाटली देऊ लागले. वस्त्या चार आणि बाटली एक. पहिल्या वस्तीत फोडली तर चौथीला पोहोचेपर्यंत तिच्यात काही राम उरायचा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हे साहेबांना सांगणार कोण, साहेब आडाजवळ कधी फिरकलेच नव्हते.

मग बाईंनी स्वतःची पद्धत काढली. प्रत्येक वस्तीत मुलं मोजायची आणि दहा भरली नाहीत, तर आयांना मुलांसकट गाडीत बसवून पुढच्या वस्तीला न्यायचं. गाडीत माणसं न्यायची परवानगी नव्हती. मी कुरकुर केली की बाई म्हणत, "भाऊ, माणसं कुठायत? सगळा लशीचाच माल आहे." तिसऱ्या वस्तीपर्यंत गाडीत वऱ्हाड भरलेलं असायचं. पोरं रडतायत, आया जागेवरून भांडतायत आणि बाई मोठ्यानं मोजतायत, सात, आठ, अगं तू कुठं निघालीस, नऊ. दहावं मूल चढलं की त्या बाटलीला टिचकी मारत आणि सुई भरायला घेत. परत येताना एकेकीला तिच्या वस्तीच्या तोंडाशी सोडत यायचं. माझी चिडचिड व्हायची, गाडीत उलट्या व्हायच्या, त्या मलाच धुवाव्या लागायच्या. पण खरं सांगतो, नोकरीतले तेवढेच दिवस मला आवडायचे.

ज्या मंगळवारची ही गोष्ट, त्या दिवशी गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. साहेबांचा आरोग्य मेळावा भरायचा होता. घडीच्या खुर्च्या, कापडी फलक, दोन लाउडस्पीकर, सगळं सकाळीच आमच्या गाडीत कोंबलं होतं आणि पाचच्या आत शाळेच्या मैदानावर उतरवायचं होतं. "आजच्या दिवस वस्त्या राहू देत," असं साहेब म्हणाले नाहीत. "वस्त्या करून या आणि येताना सामान टाका," म्हणाले.

पहिल्या वस्तीत तीन मुलं आली. दुसरीत दोन. पाचही जणींना बाईंनी हात जोडून पुढच्या महिन्यात यायला सांगितलं, कारण खुर्च्यांवर खुर्च्या होत्या पण बसायला एक नव्हती. तिसऱ्या वस्तीला कुलपं. माणसं कामाच्या मागे दुसरीकडे गेलेली. चौथी वस्ती खाणीमागची. पत्र्याची खोपटी, मध्ये पाण्याची टाकी आणि सगळ्यावर दगडाची पांढरी भुकटी. तिथं एकच बाई आली. खडी फोडणारी, केसांपासून पायांपर्यंत पांढरी झालेली, कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. मुलगीच तेवढी पुसून स्वच्छ केलेली.

"एकटीच?" बाईंनी विचारलं.

"बाकीच्या कामावर आहेत. मुकादम सोडत नाही," ती म्हणाली. "पोटात दुखतंय सांगून मी आले."

बाईंनी पेटीतून बाटली काढली. हातात धरून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, फोडू का?"

अकरा वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी कोण सांगणारा? माझं काम स्टिअरिंग धरायचं. पण विचारलं म्हटल्यावर माझी जीभ टाळ्याला थोडीच चिकटणार! मी म्हणालो, "एका पोरीसाठी नऊ डोस ओतणार? परत खुलासा मागतील. महिन्याभराचा तर प्रश्न आहे." मला भूक लागली होती आणि खुर्च्या उतरवायच्या होत्या. याच्यापलीकडे माझ्या त्या शहाणपणात काहीही नव्हतं.

बाईंनी बाटली परत बर्फात ठेवली. मुलीच्या कार्डावर पेन्सिलीनं पुढची तारीख लिहिली.

"नक्की याल ना?" त्या आईनं विचारलं.

"नक्की," असं मी म्हणालो. बाईंनी पेटीचं झाकण लावलं.

पुढच्या महिन्यात त्या तारखेला आमची गाडी कुणा मोठ्या माणसाच्या दौऱ्याच्या ताफ्यात लागली. दिवसभर मी त्या ताफ्याच्या शेपटाला धूळ खात फिरलो. त्याच्या पुढच्या महिन्यात खाणीमागं गोवर आल्याची बातमी आली, आणि मग काय विचारता, वरातीमागून घोडं निघालं. एका बाटलीसाठी आम्हाला नाडणाऱ्या भांडारातून चाळीस बाटल्या आल्या, डॉक्टर आले, फोटो काढणारा आला. सात मुलं आजारी होती. आठवी ती मुलगी. गोवर छातीत उतरला आणि आम्ही पोहोचायच्या आदल्या दिवशी ती गेली.

बाई त्या खोपट्यात जाऊन जमिनीवरच बसल्या. मी दारात उभा. आई रडत नव्हती. रडून झालेलं असावं. तिनं पत्र्याच्या फटीत खोचलेलं कार्ड काढून दाखवलं. "या तारखेला आले होते मी बाई," ती म्हणाली. "टाकीपाशी बसले होते अंधार पडेपर्यंत. म्हटलं, उशीर झाला असेल गाडीला."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "माझं चुकलं," म्हणाल्या. कुठलीही सबब नाही, गाडीची नाही, साहेबांची नाही, माझी नाही. तीनदा तेच म्हणाल्या. मग उठून बाकीच्या मुलांना औषधाचे चमचे पाजत दारोदार फिरल्या. घरापाशी उतरताना एवढंच बोलल्या, "भाऊ, मी तुम्हाला विचारायलाच नको होतं."

त्या रागानं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सगळा दोष आपल्या अंगावर ओढून घेतला होता, आणि मी तो ओढू दिला.

दोन आठवड्यांनी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेबांची खोली थंड, टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या मुलांचे फोटो. मूल दगावलं की एक छापील अर्ज भरून वर पाठवायचा असतो. त्यात एक प्रश्न होता, लस का दिली गेली नाही. खाली चार चौकोन. आईने मूल आणले नाही. आईने नकार दिला. मूल आजारी होते. कुटुंब गावी नव्हते.

"पहिल्यावर खूण करा," साहेब म्हणाले.

"आणलं होतं की तिनं," बाई म्हणाल्या.

"तसा चौकोन आहे का?"

"नाही."

"मग? नसलेल्या चौकोनात मी खूण कशी करू? बाई, तुमच्या भल्यासाठी सांगतोय. त्या बाईला कोण काय करणार आहे? तिला ना नोकरी, ना बढती. तुमचं मात्र सगळं आयुष्य या खात्यात गेलंय."

बाईंनी अर्ज आपल्याकडे ओढला आणि समासात, त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं: आईने मूल आणले होते. मी लस दिली नाही. खाली सही केली, टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये टाकलं.

साहेब चिडले नाहीत. चिडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. त्यांनी खणातून दुसरा कोरा अर्ज काढला, पहिल्या चौकोनात स्वतः खूण केली आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. "गाडीचं लॉगबुक तुमच्याकडे असतं. त्या दिवशी कोणी आलं नव्हतं, एवढी साक्षीदार म्हणून सही करा."

आता मला एक गोष्ट सांगायलाच हवी. अकरा वर्षं मी हंगामी होतो. मला कायम करण्याचा आदेश टाइप होऊन त्याच टेबलावर, पेपरवेटखाली पडला होता. माझं नाव मला उलटं दिसत होतं, तरी वाचता येत होतं. साहेबांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी फक्त पेपरवेट उचलून जरा बाजूला ठेवला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. घरी दोन मुली, त्यांच्या आईचं दुखणं, भाड्याची खोली, सगळं एकदम आठवलं. असल्या वेळी माणसाला आपलं घरदार बरोबर आठवतं. मी सही केली.

बाईंचा कागद फाइलमध्ये गेला तो 'मानसिक ताणाखाली लिहिलेला' असा शेरा घेऊन. त्यांना वस्त्यांवरून काढून भांडारात बसवलं, कापसाचे गठ्ठे आणि पट्ट्या मोजायला. अर्ज वर गेला आणि त्या आईवर ठपका बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त आमच्याकडे चोराला कायमची नोकरीही मिळाली. दुसऱ्या दिवशी सवयीनं मी शिंप्याच्या घरापुढे हॉर्न वाजवला. यजमान खिडकीत आले. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि म्हणाले, "ती बसनं गेली." मला वाटलं आणखी काही बोलतील. त्यांनी खिडकी लावून घेतली.

आता शेजारच्या सीटवर नवी नर्स बसते. पोरीच्या वयाची आहे, मला काका म्हणते. नियमानं वागते, गाडीत कोणाला घेत नाही. बाटली बहुतेक वेळा जशीच्या तशी परत येते आणि आमच्या गाडीचं वाया जाण्याचं प्रमाण सगळ्यात कमी म्हणून साहेबांचं कौतुकही झालं. मी मूग गिळून गाडी चालवतो. बाईंना भेटायला भांडारात दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा दारातून परत फिरलो. आत त्या पट्ट्या मोजत होत्या, आणि मला बघून "या भाऊ" म्हणाल्या असत्या, याचीच मला धास्ती वाटली.

परवा खाणीमागं गेलो तर पाण्याच्या टाकीपाशी पत्र्याची नवी पाटी रोवलेली. अर्जाची दखल घेऊन खात्यानं जनजागृती केली होती. निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: एका आईच्या निष्काळजीपणामुळे या वस्तीतील एक बालक दगावले. मातांनो, तुम्ही तशी चूक करू नका.

नवी नर्स मुलं मोजायला गेली होती. मी बॉनेटपाशी उभा होतो. खोपट्यातून ती आई आली, हातात ओला फडका. मला ओळखून हसली. पाटी पुसायला लागली.

"टँकरवाला म्हणाला, हे माझ्या पोरीबद्दल आहे," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही. भुकटी फार बसते ना, म्हणून कामाला जायच्या आधी रोज पुसून ठेवते. खरंच तिच्याबद्दल आहे का हो दादा?"

"हो," मी म्हणालो. "तिच्याबद्दलच आहे."

"चांगलंच लिहिलं असेल ना?"

मी हो म्हणालो. तिनं मान हलवली आणि खालची ओळ पुसायची राहिली होती, ती नीट पुसून घेतली.