हिरव्या दिव्यावर भरवसा न ठेवणारा

अरू गेला त्याच्या आदल्या शनिवारी तो नेहमीसारखा बोरीवलीला आमच्याकडे आला, चपला काढल्या आणि पाणीसुद्धा न पिता सरळ स्वयंपाकघरात शिरला. ओट्याखाली, सिलिंडरजवळ, त्याने स्वतः बनवलेली एक पेटी बसवलेली आहे. गॅस गळला की किंचाळणारी. तिच्यावर एक हिरवा दिवा सतत जळत असतो. "दिवा लागलाय की रे, दर शनिवारी काय तपासतोस?" मी म्हटलं. "वहिनी, दिवा लागला म्हणजे पेटीला वीज मिळतेय, एवढंच. तिला वास येतो का, ते तिलाच विचारायला हवं." आयुष्यात सिगरेट न ओढलेल्या या माणसाने खिशातून लायटर काढला, ज्योत न पेटवता नुसता गॅस पेटीपाशी सोडला. पेटी किंचाळली. भिंतीपलीकडून शहाबेन ओरडल्या, "आले वाटतं तुमचे दीर!" मंगळवारी सकाळी घाटकोपरहून त्याच्या बायकोचा, नीलाचा, फोन आला. "ताई... हे उठतच नाहीयेत."

ईरा, निखिल, माझ्या नातवंडांनो, या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. तुमच्या लेखी तो तुमची बंद पडलेली खेळण्यातली मोटार दुरुस्त करून देणारा अरूआजोबा. माझ्या लेखी तो माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याच्या इंग्रजीच्या वह्या मीच तपासायची. तो इंजिनियर झाला तरी ती सवय सुटली नाही. अंधेरीच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात तो नोकरीला होता ती कंपनी कारखान्यांसाठी विषारी वायूची सूचना देणारी यंत्रं बनवत असे, आणि त्यांच्या माहितीपुस्तिका मी, शाळेतून निवृत्त झाल्यावर, घरी टाइप करून देत असे.

त्या यंत्राची रचना तुम्हाला सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आत एक मोठा बोर्ड. त्यावर आठ खाचा, प्रत्येक खाचेत एक सुटं सर्किट-कार्ड बसवायचं. जेवढ्या जागांवर पहारा हवा तेवढी कार्डं. प्रत्येक कार्डाच्या टोकाला नऊ पिनांचा एक कनेक्टर. वायू हुंगणाऱ्या सेन्सरच्या तारा पहिल्या आणि दुसऱ्या पिनेला जोडायच्या. पण पहिली पीन कुठली? समोरून पाहिलं तर डावीकडची, मागून, म्हणजे तारा जोडायच्या बाजूने पाहिलं, तर उजवीकडची. म्हणून अरूने प्रत्येक कार्डाच्या वर्णनाखाली एक वाक्य लिहिलं होतं: पिना तारा जोडायच्या बाजूने पाहून, उजवीकडून मोजाव्यात. आठ कार्डं, आठ पानं, आठ वेळा तेच वाक्य. मी पंचवीस वर्षं मुलांच्या निबंधांतली पुनरुक्ती छाटलेली बाई. पहिल्या पानावर ते वाक्य ठेवलं आणि बाकी सात ठिकाणी पट्टी लावून पेन्सिलीने रेघ मारली. अरूला विचारलं नाही. त्याला घाई होती, त्यानेही टाइप केलेली पानं न वाचता छपाईला दिली. माझं काम आहे म्हटल्यावर वाचायचं काय!

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की कारखान्यातले फिटर पुस्तिका वाचत नाहीत. ज्या कार्डाचं काम असेल तेवढंच पान फाडतात आणि यंत्र ज्यात बसवतात त्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात. अरूला ते माहीत होतं.

एके दुपारी मी नवी पानं द्यायला गाळ्यात गेले होते. अरू तयार झालेलं एक यंत्र तपासत होता. त्याने सेन्सरपाशी वायू सोडला. यंत्र गप्प. पुन्हा सोडला. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. त्याने कनेक्टर उलटा करून पाहिला आणि फिटरला हाक मारली. "परब, तारा नवव्या पिनेला कशा लावल्यास?"

"नवव्या खय? पयल्याक लावलंय साहेब. ह्या बगा, कागदात लिवलाहा तसाच!"

परबांनी दाराला चिकटवलेलं पान दाखवलं. उजवीकडून मोजायचं वाक्य त्यावर नव्हतं. अरूने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "मुलुंडचं यंत्र कोणी बसवलं?"

"मियाच की. पंधरा दिवस झाले."

मुलुंडच्या कारखान्यात फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. आम्ही रिक्षा केली. पवईचा तलाव लागला तेव्हा पाणी इतकं स्थिर होतं की मला त्याच्याकडे बघवेना. अरू गुडघ्यावर बोटांनी मोजत होता, एक ते नऊ, नऊ ते एक... मी म्हटलं, "अरू, काही झालं नसेल रे." तो म्हणाला, "झालं असेल तरी यंत्र बोलणार नाही, वहिनी."

फाटकावरचा चौकीदार हसतमुख होता. कपाट उघडून त्याने अभिमानाने दाखवलं, "सगळं बरोबर आहे साहेब, दिवा हिरवा आहे ना!"

"पंपाच्या खोलीत कोण आहे?"

"सखाराम गेलाय ना मघाशी. जेवून गेला. आला नाही वाटतं अजून..."

अरू रुमाल नाकाला लावून आत धावला. सखारामला त्याने आणि चौकीदाराने पाय धरून ओढत बाहेर आणलं. तो वाचला. पण त्याचा श्वास पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. वर्षभरात तो काम सोडून कोकणात गावी गेला. चार पायऱ्या चढला की बसावं लागे, असं अरूनेच मला सांगितलं. तो त्याला भेटून आला होता.

चौकशीला मलाही बोलावलं होतं. अरूच्या कंपनीच्या मालकांनी विचारलं, "हे वाक्य सात पानांवर का नाही?" मी तोंड उघडण्याआधी अरू म्हणाला, "मीच लिहिलं नव्हतं. मूळ कागद आता सापडत नाहीत." मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. माझ्या पेन्सिलीचा आवाजसुद्धा मला आठवत होता. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले... आणि गप्प राहिले. हिरवा दिवा लागलेल्या त्या यंत्रासारखी. अरूची नोकरी गेली. जिना उतरताना तो म्हणाला, "चल वहिनी, चहा घेऊ." त्यानंतर या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही. काही महिन्यांनी तो ती पेटी घेऊन आमच्याकडे आला आणि मग शनिवार चुकला नाही. तो माझी काळजी करत होता की मला आठवण देत होता, हे मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

तेराव्यानंतर नीलाने त्याच्या कपाटातला एक लिफाफा आणून दिला. "तुमचं काहीतरी दिसतंय, ताई. शाळेतलं आहे का?" आत आठ पानं. अरूचं तिरकं अक्षर आणि माझ्या सात रेघा, एकदम सरळ. मी नीलाला सगळं सांगितलं. तिने पानं एकेक करून उलटून पाहिली. मग म्हणाली, "नोकरी का गेली ते मला कधी धड सांगितलंच नाही हो त्यांनी." आणि पदर सावरून निघून गेली. अजून तिचा फोन आलेला नाही. सखारामला पत्र लिहिलं आहे, उत्तराची वाट पाहते आहे.

तुमच्यासाठी हे लिहिते आहे ते तुमच्या आजीचं सगळं नीटनेटकं असतं असं तुम्ही मित्रमैत्रिणींना सांगता म्हणून.

आज शनिवार. ओट्याखालचा दिवा पाच आठवडे हिरवाच आहे. नीलाने दिलेल्या लिफाफ्यात लायटरही होता. गुडघे दुखतात, तरी मी खाली बसले, पेटीच्या पिना मागच्या बाजूने, उजवीकडून मोजल्या, तारा पहिल्या दोन पिनांनाच आहेत ना ते पाहिलं आणि गॅस सोडला. पेटी किंचाळली. भिंतीपलीकडे शहाबेन काहीच बोलल्या नाहीत. मी ती लगेच बंद केली नाही.