वंशावळीतली कोसंबीवाली

वनरक्षकाची खाकी पहिल्यांदा अंगावर चढवून मी गावी गेले, त्या दिवशी बाबांनी मला बसथांब्यावरून सरळ घरी नेलं नाही. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून नेलं. तो लांबचा रस्ता. पण तिथे आमचे सगळे ढिवर जाळी सोडवत बसलेले असतात आणि बाबांना त्यांच्या समोरून जायचं होतं. कोणी विचारलं की बाबा एवढंच म्हणायचे, "जंगल खात्यात हाय." जणू मी तिथे जन्मापासूनच होते. मीही मान खाली घातली नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए. केलं, पहाटे डांबरी रस्त्यावर धावून मैदानी परीक्षा काढली, यादीत नाव आणलं. हे लपवून ठेवावं असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही.

नोकरी लागली ती राखीव जागेवर. म्हणून जातवैधता प्रमाणपत्र आणून द्यायचं होतं, तेही मुदतीत. नाही दिलं तर अंगावरची खाकी उतरणार. आमच्या जातीसाठी एकसष्ट सालाच्या आधीचा कागद लागतो, वडिलांकडच्या रक्ताच्या माणसाचा, जात लिहिलेला. बहुतेकांना तो शाळेत मिळतो. आजोबा दुसरी-तिसरी जरी शिकलेले असले तरी दाखल-खारीज रजिस्टरात नाव आणि जात सापडते. माझे आजोबा शाळेत गेलेच नाहीत. बाबा घरात थोरले, पण त्यांचा जन्म एकसष्टनंतरचा. मी घरातली पहिली शिकलेली म्हणून गावभर मिरवत होते आणि त्याच गोष्टीनं माझी वाट अडवली होती. माझ्याआधी एखादा जण चार दिवस शाळेत जाऊन बसला असता तर मला कागद मिळाला असता.

मग उरलं कोतवाल बुक. पूर्वी गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की कोतवाल लिहून ठेवायचा. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. ती जुनी बुकं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यात बांधून ठेवलेली असतात. आपण अर्ज करायचा, कोर्ट फीचं तिकीट लावायचं आणि बाबू बस्ता काढेपर्यंत बाकावर बसून राहायचं.

बाबा दरवेळी माझ्याबरोबर यायचे. लग्नाला नेसतात ते धोतर नेसून. रेकॉर्ड रूमचा बाबू तरुण होता, बोलायला बरा होता. आजोबांचं जन्मसाल विचारलं तर बाबा म्हणाले, तलावाला दुसरं तोंड फोडलं त्याच्या आगंमागं. बाबूनं माझ्याकडे पाहिलं. मी अंदाजानं काही वर्षं सांगितली आणि तेवढ्या सगळ्या वर्षांची बुकं पाहायला मागितली. पानं अशी की बोटाला थुंकी लावायची सोय नाही, नखानं उचलावी लागत. काही वर्षांची बुकं तर उधईनं खाल्लेली, आणि पणजोबा नेमके त्याच वर्षांत गेलेले. त्यामुळे त्यांच्या मृत्यूची नोंद मिळणार नव्हती. आजोबा त्यांचे एकुलते एक. म्हणजे शोधायची ती एकच ओळ होती.

ती सापडली नाही. गंमत म्हणजे बाकी सगळे सापडले. आमच्या शेजाऱ्याचा आजा सापडला, त्याचा भाऊ सापडला, पलीकडच्या घरातली लहानपणीच गेलेली मुलगी सापडली. पानापानावर आमचे ढिवर होते. मी घरी येऊन कौतुकानं सांगितलं आणि तेच अंगाशी आलं. पाळीवर शेजाऱ्यानं बाबांना गाठलं. हसत हसतच म्हणाला, "सगळ्याईचे बुडे सापडले, तुमचाच काऊन नाई? कुठून आणला होता बुडा?"

त्या दिवसानंतर बाबा जाळं घेऊन तलावाच्या दुसऱ्या अंगाला बसायला लागले. तलावातल्या शिंगाड्याच्या वेलींचे वाटे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. आमचा वाटा वडाच्या झाडाखालचा. ज्याच्या बापाचा जन्मच गावात सापडत नाही त्याचा वाटा कसला, असं कोणी अजून म्हणालं नव्हतं. बाबांच्या कानाला ते ऐकू येत होतं.

अशातच माझे दिवस भरत आले. रजा घेऊन मी सासरहून माहेरी आले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, त्यात विचारायचं काही नसतं. सासूबाईंनीच पिशवी भरून दिली. गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात मला मुलगी झाली. मुदत संपत आली होती. मी एका हातानं मुलीला थोपटायची आणि दुसऱ्या हातानं मुदतवाढीचा अर्ज लिहायची.

माझे पती ऊर्जानगरला वीज केंद्रात कंत्राटावर आहेत. कामावरच्या दवाखान्याच्या कार्डावर मुलीचं नाव चढवायला त्यांना जन्माचा दाखला हवा होता. मला न विचारता ते तिथल्याच कार्यालयात गेले, रांगेत उभे राहिले आणि हात हलवत परत आले. मग चिडून फोन केला. "अवं, इथी नाई भेटत म्हणते. जिथी जन्म झाला तिथीच नोंद राह्यते म्हणते. पोरगी माही, घर माहं, आन् दाखला तुह्या गावचा."

मी हसले. फोन ठेवला आणि मुलीकडे पाहत बसले. मग तशीच उठून छपरीत गेले. बाबा जाळ्याची फाटलेली बाजू विणत होते.

"बाबा, आजोबा कुठी जन्मले?"

"कुठी म्हणजे? इथी. आपल्या घरी."

"आन् तुमी?"

"मी मामाच्या घरी."

"आन् मी?"

"तू तुह्या मायच्या माहेरी." सुई थांबली.

"सगळ्याईचं थोरलं लेकरू मामाच्या घरी होते. मंग आजोबाच तेवढे इथी कसे होतीन?"

बाबांनी सुई जाळ्यात खोचली. इतके दिवस आम्ही बापाच्या गावात बापाचा बाप शोधत होतो, कारण वंशावळ म्हटलं की आम्हाला बापाचंच गाव आठवतं. पहिलटकरीण कुठे जाते हे आमच्या प्रत्येक घराला माहीत आहे. माझी स्वतःची पिशवी त्याच घरात खुंटीला टांगलेली होती. तरी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आता पणजीचं माहेर शोधायचं होतं आणि ते तर सगळ्यांच्या तोंडी होतं. आमच्याकडे सुनेला नावानं हाक मारत नाहीत, माहेरच्या गावानं मारतात. माझी आई सावली गावची, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सावलीवाली आहे. पणजी कोसंबीवाली होती. तिचं खरं नाव काय, हे बाबांनाही सांगता आलं नाही. त्यांनी आयुष्यात ते ऐकलंच नव्हतं. कोसंबी वैनगंगेच्या पलीकडे, आता गडचिरोली जिल्ह्यात. तेव्हा सगळाच चांदा जिल्हा होता.

मला वाटलं बाबा लगेच धोतर नेसायला उठतील. ते उठले नाहीत. म्हणाले, नदीपलीकडचा कागद आणला तर तो शेजारी म्हणेल, पाहा, बुडा तिकडचाच होता. त्यांना कागद हवा होता, पण तो आपल्याच गावचा हवा होता. मी नोकरीचं सांगितलं, मुदतीचं सांगितलं. ते ऐकत होते, पण हलत नव्हते.

आई चुलीजवळून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली ती मुलीला कडेवर घेऊनच.

"हे इथी जन्मली," ती म्हणाली, "म्हणून काय जावई सोडून देते का तिले?"

बाबांनी जाळं गुंडाळून ठेवलं.

मुलगी अंगावर पिणारी, तिला ठेवून जाता येईना. म्हणून आई-बाबा, मी आणि मुलगी, आम्ही चौघंही एसटीनं नदी ओलांडून गेलो. तिकडच्या तहसीलचा बाबू वयस्क होता, सावकाश काम करणारा. आधी त्यानं आमचा अर्ज उलटून पालटून पाहिला. तुमचं गाव पलीकडच्या जिल्ह्यातलं आणि नोंद इथे कशी मागता, असं विचारलं. मी त्याला मुलगी दाखवली आणि तिचा बाप कुठे राहतो ते सांगितलं. तो हसला आणि बस्ता आणायला गेला.

कोसंबीचं बुक बारीक होतं. गावच लहान. मी पानं उलटत होते, बाबा माझ्या खांद्यावरून पाहत होते. त्यांना वाचता येत नाही, पण मी कुठे थांबते ते त्यांना कळत होतं. मी थांबले. मुलगा. बापाचं नाव माझ्या पणजोबांचं. जात ढिवर. आणि पुढे बारीक अक्षरात, राहणार, आणि आमच्या गावाचं नाव.

मी ते मोठ्यानं वाचलं. बाबांनी पुन्हा वाचायला लावलं, गावाच्या नावापाशी. मग त्यांनी त्या अक्षरांवर बोट नेलं, टेकवलं नाही, वरच धरलं. त्या कोतवालाला माझ्या पणजोबांशी काही घेणंदेणं नव्हतं. पण मूल कोणाचं आणि बाप कुठचा हे त्यानं नीट विचारून लिहिलं होतं. आमच्या गावच्या बुकात जी ओळ नव्हती, ती आमच्या गावाच्या नावासकट तिथे होती. बाबा बाबूला म्हणाले, "माहा बाप हाय हा." बाबू म्हणाला, "हो भाऊ, दिसून राह्यलं."

नक्कल मिळाली. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडे बसलो. वंशावळ असते ती बापांची. पणजोबा, त्यांच्याखाली आजोबा, त्यांच्याखाली बाबा, आणि खाली मी. टायपिंगवाल्यानं तशीच केली. बाबांनी मला कागद वाचून दाखवायला सांगितलं आणि ऐकून झाल्यावर म्हणाले, यात माझी आजी कुठे आहे? टायपिंगवाला म्हणाला, बायांची गरज नसते. बाबा म्हणाले, तिच्या माहेरी कागद सापडला आणि तीच नाही का यात? मग त्यानं नाव विचारलं.

"कोसंबीवाली," बाबा म्हणाले.

"हे काय नाव झालं काय, भाऊ?"

"आमच्याकडे हेच होते."

मी मध्ये पडले. पणजोबांच्या नावाशेजारी 'पत्नी, माहेर कोसंबी' एवढं टाइप करून घेतलं. पडताळणी करणाऱ्यांना नोंद नदीपलीकडे कशी हे त्या तीन शब्दांतच कळलं असणार. चौकशीच्या दिवशी मला त्याबद्दल एकच प्रश्न विचारला आणि मी पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं. समोरच्या बाईंनी मान हलवली, पुढचं पान उलटलं.

प्रमाणपत्र मुदतवाढीच्या आत आलं. मी रजा संपवून जंगलातल्या माझ्या बीटवर रुजू झाले. खाकी अंगावर आहे आणि राहणार आहे.

रुजू होण्याआधी मुलीला घेऊन सासरी निघाले, तेव्हा बाबा बसथांब्यापर्यंत आले. याही वेळी सरळ रस्त्यानं नाही, पाळीवरून. मुलगी त्यांच्या कडेवर होती. शेजारी जाळं सोडवत नेहमीच्या जागी बसला होता. त्यानं आपणहून विचारलं, "कोण हाय हे?"

बाबा थांबले. मुलीचं टोपरं सारखं केलं.

"कोसंबीवालीची खापरपणती," ते म्हणाले, आणि वडाच्या झाडाखालून, आमच्या वाट्याच्या कडेनं, सावकाश पुढे चालायला लागले.