जाऊबाईंचा साल्सा

माझ्या थोरल्या जाऊबाई, चांगुणाबाई, साल्सा नाचल्या. कोणाला सांगितलं तर म्हणतात, "उज्वला, काहीही फेकतेस!" फेकत नाही हो. मी तिथेच होते, आणि त्यांचा पाय माझ्या पायावर होता.

नव्वदच्या सुमाराला आमचं घर एकत्र होतं. शहराला लागूनच मळा, त्यात शेवंती आणि झेंडू. पहाटे आम्ही दोघी तोडणीला उतरायचो. माझी पाटी अर्धी होईस्तोवर त्यांची भरलेली असायची, आणि वर सासूबाईंची नजर चुकवून माझ्या पाटीतही दोन-चार मुठी टाकायच्या. त्यांना मुलगी नाही, एकच मुलगा, राज. त्यामुळे माझी भाग्यश्री त्यांच्याच कुशीत वाढली. वेणी त्या घालणार, गजरा त्या माळणार, मी आई नुसती नावाला. कधी कधी रागही यायचा मला. पण काय सुखाचे दिवस होते ते! आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

मग वाटणी झाली. जमीन भावाभावांची, जुंपली मात्र जावाजावांत. चार माणसांत त्या म्हणाल्या, "ही आली आणि घर फुटलं." झालं! मी तोंडच बंद केलं. चूक त्यांचीच होती, आजही म्हणेन. त्या नाशिक रोडला कॉलनीत राहायला गेल्या आणि पुढची आठ-नऊ वर्षं आमच्यात अबोला.

दोन हजार सहा साली भाग्यश्रीचं लग्न ठरलं आणि पोरगी अडून बसली. "पहिली हळद काकूच लावणार. नाहीतर मी पाटावर बसणार नाही." मी म्हटलं, बोलवायला मी जाणार नाही. तिकडे जाऊबाई म्हणे, उज्वलाच्या तोंडून बोलावणं आल्याशिवाय मी यायची नाही. दोघी हट्टाला पेटलेल्या, आणि मधल्या मध्ये पोरीचे हाल.

त्यातच भाग्यश्रीने माझं नाव नाशिक रोडच्या एका लेडीज डान्स क्लासात घातलं. "आई, शुगर वाढलीय तुझी, जरा हालचाल कर." गेले बापडी. बघते तर काय, कोपऱ्यात पंजाबी ड्रेस घालून, ओढणी डोक्यावर घट्ट धरून जाऊबाई उभ्या! त्यांना राजने गुडघ्यांसाठी म्हणून धाडलं होतं. दोन्ही पोरांचं संगनमत, दुसरं काय! मी मागे फिरणार होते, पण म्हटलं, मीच का जाऊ?

शिकवणारे वाल्मीक सर इगतपुरीचे, मुंबईहून शिकून आलेले. पहिल्या दिवशी नाच राहिला बाजूला, त्यांनी गोष्टच सांगितली. क्युबा नावाच्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबवायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून नेली. त्यांचे ढोल आणि स्पेनच्या मालक लोकांची गिटार मिळून हे संगीत तयार झालं. पुढे तिकडचे लोक न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यात आणखी काय काय मिसळलं आणि साल्सा हे नाव रुळलं. साल्सा म्हणजे मूळचं एक झणझणीत कालवण.

"म्हंजी मिसळच की," जाऊबाई पुटपुटल्या. मला हसू फुटलं, ते मी खोकून दाबलं.

न्यूयॉर्कवाले सरळ रेषेत नाचतात, क्युबावाले एकमेकांभोवती फिरतात, आणि क्युबातच सगळ्या जोड्या गोलात उभ्या राहिल्या की त्याला रुएदा म्हणतात. सरांनी आम्हाला गोलच दिला. फेर धरायची बायकांना सवय असते म्हणाले. पुरुष कोणी नव्हताच, म्हणून उंच बायकांना पुरुषाचे पाय शिकवले. जाऊबाई सगळ्यांत उंच. सर "दामे!" असं ओरडले की पुरुषाने हातातली जोडीदारीण सोडायची आणि पुढचीचा हात धरायचा.

म्हणजे फिरत फिरत त्या माझ्यापर्यंत येणारच ना! पहिल्यांदा आल्या तेव्हा आम्ही नुसती बोटं टेकवली, विंचवाला हात लावल्यासारखी. पुढच्या खेपेला त्यांनी माझा पाय तुडवला.

"काही माणसांना पायाखालचं दिसत नाही," मी भिंतीला सांगितलं.

"काही माणसं वाटंत पाय पसरूनच उभी ऱ्हातात," त्यांनी पंख्याला सांगितलं.

सर बिचारे गोंधळले. कोण कोणाशी बोलतंय तेच त्यांना कळेना. असं बरेच दिवस चाललं. पण बाई काय नाचायची! ओढणी कमरेला खोचली, ढोल सुरू झाला की गुडघे कुठल्या कुठे पळायचे. मी चोरून बघत राहायचे. अभिमान वाटायचा हो, आणि तो वाटतो म्हणून स्वतःचाच संताप यायचा.

लग्न तोंडावर आलं. त्या दिवशी सकाळी भाग्यश्री खूप रडली होती. माझं पावलांत लक्षच नव्हतं. गोल फिरला, जाऊबाई माझ्यासमोर आल्या, हात धरला. माझ्या तोंडाकडे बघितलं.

"दामे!" सर ओरडले.

सगळ्यांनी हात सोडले. जाऊबाईंनी नाही. मागची बाई येऊन आमच्यावर आदळली, तिच्यावर तिची मागची, गोलाचा पार विचका झाला.

"चांगुणाबाई, सोडा, सोडा! पुढची घ्या!"

"नाय सोडत," त्या म्हणाल्या. "तुमचं दामे गेलं खड्ड्यात. मला हीच पायजे." मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "पोरीची हळद कधी हाय गं?"

इतक्या वर्षांचं उणंदुणं जिभेच्या टोकावर होतं. निघालं एवढंच, "तुम्ही याल तेव्हा."