स्टुडिओच्या शांततेवरचा इलाज

नागपुरातलं आमचं दूरचित्रवाणी केंद्र बंद झालं, आणि काही काळानं त्याचा मोठा स्टुडिओ एका संस्थेनं अभ्यासिकेसाठी घेतला. मी त्या केंद्राच्या वृत्त विभागात होतो. तिथला ध्वनी अभियंता, माझा मित्र, निवृत्तीनंतर या अभ्यासिकेचा व्यवस्थापक झाला. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शांतता हवी असते आणि शहरात याहून शांत खोली नाही, असं तो सांगे. ते खरं होतं.

स्टुडिओ म्हणजे इमारतीच्या पोटात बांधलेली दुसरी इमारत. भिंती दुहेरी, मध्ये वीतभर पोकळी. जमीन बाकीच्या इमारतीपासून सुटी केलेली, कारण रस्त्यावरून ट्रक गेला तरी कॅमेरा थरथरायला नको. खिडकी एकही नाही. आत जायला एकामागे एक दोन जाड दारं. भिंतींवर भोकाभोकांच्या फळ्या आणि त्यांच्यामागे काचेचा कापूस. त्यात गेलेला आवाज परत येत नसे. छत दोन मजले उंच, त्याखाली दिवे टांगायची लोखंडी जाळी. थंड हवेची नळीही मुद्दाम रुंद ठेवलेली, हवा सावकाश यावी म्हणून. वेगानं आली तर ती ऐकू येते.

या शांततेची राखण मित्रानं नोकरीभर केली. निवेदिकांना तो बांगड्या उतरवायला लावी. माझ्या चपला करकरतात म्हणून बातमीचा कागद मी एकदा अनवाणी नेऊन दिला आहे.

अभ्यासिकेत चाळीस खुर्च्या होत्या. पहिल्या आठवड्यात त्या भरल्या. दिवाळीनंतर अकरा मुलं उरली. संस्थेनं कळवलं, महिनाअखेरपर्यंत निम्म्या खुर्च्या भरल्या नाहीत तर तिथं जुन्या फायली ठेवू. मित्राचं जेवण कमी झालं. फायलींचे रॅक त्या भिंतींना ठोकले जाणार, हे त्याला दिसत होतं.

सोडून गेलेल्यांनी अंतराची, चहाची, तब्येतीची कारणं दिली. खरं कारण कळमेश्वरहून बसनं येणाऱ्या एका मुलीनं सांगितलं.

"काका, इथं मले माझंच गिळणं आयकू येते. मी वाचू का गिळू?"

मग बाकीचेही बोलले. पान उलटलं की सगळे बघतात. सकाळी अकराच्या सुमारास कोण उपाशी आलं आहे ते पोटाच्या आवाजावरून खोलीभर कळतं. एकानं चिवड्याची पुडी उघडली होती, तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

मित्रानं ध्वनिमापक आणून खोलीत दोष नसल्याचं सिद्ध केलं. मुलांनी ते मान्य केलं. खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. थोडा आवाज आत येऊ दे, असं मी सुचवल्यावर तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कूलर आणायला चल म्हणाला.

त्याच्या घरचा कूलर निरुपयोगी निघाला. त्यानं त्याला इतकं तेलपाणी केलं होतं की तो चालू आहे हे समोर हात धरूनच कळे. खडखडणारा कूलर शेजाऱ्याकडे होता, आणि त्यावरून दर उन्हाळ्यात दोघांचं वाजत असे. आम्ही भर थंडीत तो मागायला गेलो. शेजाऱ्यानं मफलर सोडून नीट ऐकून घेतलं.

"काहून पाहिजे गा तुले?"

"त्याचा आवाज चांगला आहे," मित्र म्हणाला.

"घरात ये. हे बायकोसमोर बोल."

तो आत गेला आणि बोलला.

दुसऱ्या दिवशी कूलर स्टुडिओत, पाण्याविना, कोपऱ्यात उभा राहिला. सवयीनं मित्रानं त्याच्या चारही पायांखाली रबराचे तुकडे सरकवले. पंखा सुरू केला, पण खडखड जवळजवळ नाहीशी झाली होती. मुलं त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं एक तुकडा काढला. मग दुसरा. तिसरा काढल्यावर पत्रा वाजायला लागला. कळमेश्वरच्या मुलीनं डबीतली बडीशेप तोंडात टाकली, चावली, आणि मान खाली घालून वाचायला लागली.

महिनाअखेरीस पंचवीस खुर्च्या भरल्या होत्या. फायलींना दुसरी जागा शोधावी लागली. चौथा तुकडा मात्र त्यानं काढलेला नाही, आणि तो विषय कोणी काढलेलाही त्याला चालत नाही.