साडूंचा जपानी संताप

भोपाळमध्ये संतापी माणसांची टंचाई नाही; पण जपानमधल्या कुणाच्या तरी चित्रासाठी बरखेड्यात बसून स्वतःचा रक्तदाब वाढवून घेणारे गृहस्थ एकच, आणि ते माझे थोरले साडू आहेत. तरुणपणी ते नोकरीला होते त्या कारखान्याने त्यांना प्रशिक्षणासाठी जपानला धाडलं होतं. बाकीचे इंजिनियर तिथून कॅमेरे घेऊन आले. साडू मांगा घेऊन आले, म्हणजे जपानी चित्रकथांचे गठ्ठे, आणि त्या वाचण्यापुरती जपानी भाषा. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात. सासूबाई एकदा काळजीने म्हणाल्या, "जावईबापू, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही." "पुस्तक सरळ आहे, आपणच उलटे आहोत," असं सासूला सुनावणारा जावई आमच्या घराण्यात दुसरा झाला नाही.

त्यांचा खरा राग मात्र या चित्रकथांची 'रूपांतरं' करणाऱ्यांवर. मांगावरून ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका निघाली की साडू चिडतात, त्यावरून सिनेमा निघाला की पेटतात, आणि रंगीत केसांचे टोप घातलेल्या नटांनी नाटक केलं की त्या दिवशी जेवत नाहीत. बरं, मग बघू नये ना! पण नाही, सगळं शेवटपर्यंत बघतात. "न बघता शिव्या घालायला मी काय पुढारी आहे?" टी. टी. नगरच्या बाजारात त्यांनी एकदा एका कॉलेजकुमाराला टी-शर्टवर छापलेल्या मांगातल्या चित्रावरून अडवलं. "बेटा, इसकी आँखें नीली नहीं हैं. किताब काली स्याही में छपी है!" तो बिचारा म्हणाला, "अंकल, सेल में मिला था."

त्यांची सगळ्यांत लाडकी मांगा एका नावाड्याची आणि त्याच्या छोट्या मुलीची. मुलीची आई गेलेली असते आणि बापलेक होडीतून नदी ओलांडत असतात. पानांमागून पानं जातात, कुणी एक शब्द बोलत नाही. ॲनिमेवाल्यांनी तिथे व्हायोलिन घातलं. साडू आमच्या घरी येऊन ओरडले, "दुःखाला फोडणी दिली गाढवांनी!"

अशा माणसाच्या मुलीने, आमच्या इराने, रीतसर परवानगी मिळवून त्याच गोष्टीचं मराठी नाटक बसवायला घेतलं. ती नाटकवेडी. तिने हे घरी सांगितलं त्या रात्री जेवायला मी त्यांच्याकडेच होतो.

"नावाड्याला बोलायला लावणार तू?" साडूंनी ताट सरकवलं.

"बाबा, नाटक आहे ते. समोर लोक बसलेले असतात."

"म्हणूनच म्हणतो, करू नकोस."

"तुम्हाला सगळं डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवायचं असतं!" इराचा आवाज बापाच्या वर गेला. "आई गेली तेव्हा हेच पुस्तक रोज वाचून दाखवायचात मला. ते माझंही आहे."

साडू उठून गॅलरीत गेले. त्यानंतर प्रयोगापर्यंत बापलेकीने एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही. घरात भाजी कुठली आणायची तेसुद्धा माझ्या बायकोला फोन करून ठरायचं.

प्रयोगाला मात्र साडू आले. पहिल्या रांगेत, मुठी आवळून. होडीचा प्रवेश आला. उजेड मंद झाला. इराने व्हायोलिन घातलं नव्हतं, वाक्य घातलं नव्हतं. नुसतं वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज, आणि मग तोही नाही. मी हळूच शेजारी पाहिलं. साडूंच्या मुठी सुटल्या होत्या आणि डोळे भरून आले होते. तेवढ्यात मागे वेफर्सचं पाकीट वाजलं. कुणीतरी म्हणालं, "माइक बंद पड़ गया क्या?" लोक हसले.

साडू ताडकन उठले, मागे वळले आणि गरजले, "चुप! सब के सब चुप! दिखता नहीं, यहाँ सन्नाटा चल रहा है?"

नावाड्याच्या हातून वल्हं पडलं. सगळं सभागृह हसण्यात बुडालं आणि प्रवेशही बुडाला.

पडदा पडल्यावर इरा लालबुंद होऊन बाहेर आली. "बाबा, ॲनिमेवाल्यांनी नुसतं व्हायोलिन घातलं होतं. तुम्ही तर लाउडस्पीकर लावलात!"

 साडू हळू आवाजात म्हणाले, "फार चांगलं चाललं होतं गं. पुन्हा कधी आहे?"

"पुन्हा नाही. एकच प्रयोग होता."

आता इरा मुंबईत असते. तिथल्या एका स्टुडिओत चित्रकथांवरून मालिका लिहिते. म्हणजे साडूंच्या मते शत्रुपक्षातच गेली. रविवारी ते तुलसी नगरला आमच्याकडे येतात आणि कुठल्या तरी नव्या रूपांतरावर तुटून पडतात. मी सगळ्याला "अगदी खरं" म्हणतो. त्याने ते जास्तच भडकतात. "तुमच्याशी भांडण्यात काही अर्थ नाही. इरा असती तर मला मूर्ख म्हणाली असती!"

मग चहा येतो, आवाज खाली येतो. परवा कपातल्या चहाकडे बघत त्यांनी विचारलं, "तिचा फोन आला होता का हो तुमच्याकडे?"

"आला होता. तिची पहिली मालिका तुम्ही बघितलीत का, विचारत होती."

"बघितली ना. दोनदा." त्यांनी कप खाली ठेवला. "पण तुम्ही सांगू नका. तिलाच विचारू दे मला."